सिनेगॉग, मशीद की सभास्थान?

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुदी समाजाविषयीच्या जुन्या मजकुरात त्यांच्या उपासनागृहाला, म्हणजे सिनेगॉगला, ‘मशीद’ म्हटलेले आढळते, ते चुकीचे समजून संपादनात बदलावे काय, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते मुळीच बदलू नये.

हा शब्द त्या समाजावर बाहेरून लादलेला नाही. कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी असलेले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला समाजाचे तिथले पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे हिब्रू नाव शाआर हारहमीम, अर्थात दयेचे द्वार. पण घरीदारी मराठी बोलणारी रोहेकर, पेणकर, किहीमकर मंडळी त्याला मशीदच म्हणत, आणि पुढे दुसरे उभे राहिल्यावर ती ‘जुनी मशीद’ झाली. मूर्तीविना एकेश्वराची उपासना जिथे चालते त्या जागेसाठी कोकणातल्या बोलीत दुसरा तयार शब्द होता तरी कोणता? मशीद बंदर स्टेशनाचे नाव याच वास्तूवरून पडले असे सर्रास सांगतात. मात्र त्या परिसरात मुसलमानांच्या मशिदीही असल्याने ते ठामपणे लिहू नये.

पुण्याच्या ‘लाल देवळा’ची गोष्ट निराळी आहे. बगदादहून मुंबईस आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग त्यांच्या निधनानंतर, १८६७ मध्ये, पूर्ण झाले. ते बगदादी यहुद्यांचे. लाल देऊळ हे नाव मात्र उंच मनोऱ्याची ती तांबडी इमारत पाहून गावाने ठेवलेले. ते विशेषनामच आहे. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या सिनेगॉगला कोणी ‘देऊळ’ लिहिले तर खटकेल.

बायबलच्या मराठी भाषांतरातला ‘सभास्थान’ हा अर्थाने सर्वांत काटेकोर, कारण हिब्रू ‘बेत क्नेसेत’ म्हणजे मंडळी जमण्याचे घर. तरीही ख्रिस्ती वाचकांपलीकडे तो फारसा रुळला नाही. म्हणून आजच्या लेखनात सिनेगॉग हाच शब्द नपुंसकलिंगी वापरावा, आणि जुना उतारा देताना मशीद तशीच ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘बेने इस्राएलांची’ एवढे जोडावे.