सल्ला हवा: दोन इनपुटच्या रेकॉर्डरवर अख्खा ड्रमसेट, मिक्सर कसा जोडावा?

पडघम, सांगली

नमस्कार मंडळी,

घरी टॅस्कॅमचा डीपी-०३एसडी रेकॉर्डर आहे. ट्रॅक ८, पण एका वेळी रेकॉर्ड होतात २च. गिटार आणि गाण्यासाठी तो आजवर पुरला. आता भावाचा पाच पीसचा ड्रमसेट वरच्या खोलीत लागलाय आणि आमची स्वतःची गाणी नीट रेकॉर्ड करायची आहेत. कम्प्युटर नको आहे. स्क्रीन समोर आली की आमचं वाजवण्यातलं लक्ष उडतं.

माइक चार आहेत: किकसाठी (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकेजी डी११२, स्नेअरसाठी (समोरचा खणखणीत ड्रम) शुअर एसएम५७ आणि वरून लावायला दोन पेन्सिल कंडेन्सर, म्हणजे वीज लागणारे बारीक माइक. ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक मित्र त्याचा मॅकी १२०२व्हीएलझेड४ मिक्सर वापरायला देतोय.

विचारायचंय ते असं: मिक्सरचं कोणतं आउटपुट रेकॉर्डरच्या कोणत्या इनपुटला द्यायचं? फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सरना केबलमधूनच मिळणारी ४८ व्होल्टची वीज, कुठून चालू करायची? भावाला वाजवताना गाइड गिटार (चाल समजण्यापुरती आधी रेकॉर्ड केलेली) ऐकू यायला हवी, तर रेकॉर्डरचं आउटपुट परत मिक्सरमध्ये आणायचं का?

मंद्र

मिक्सर चांगला आहे. चार माइक प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) आणि तुमचे माइकही चार, त्यामुळे हिशोब जमतो.

चारही माइक एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलने मिक्सरच्या १ ते ४ चॅनलला लावा. मिक्सरचे पाव इंची मेन आउट, डावा आणि उजवा, रेकॉर्डरच्या ए आणि बी इनपुटच्या जॅकमध्ये घाला. रेकॉर्डरच्या एक्सएलआर इनपुटला हात लावू नका. ती माइकसाठी आहेत. मिक्सरमधून निघणारा आवाज लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा खूप मोठा असतो. तो माइक प्रीअँपमध्ये घातला की पहिल्याच फटक्याला फाटतो.

फँटम फक्त मिक्सरवर चालू करा, रेकॉर्डरवरची बंदच राहू दे. मिक्सरच्या आउटपुटवर उलट बाजूने ४८ व्होल्ट जाणं कधीही बरं नाही. १२०२ वर फँटमचं बटण सगळ्या चॅनलना मिळून एकच आहे, पण डी११२ आणि एसएम५७ दोन्ही डायनॅमिक, म्हणजे वीज न लागणारे आहेत. केबल धड असेल तर त्यांना काही होत नाही. आधी लेव्हलचे नॉब खाली, मग केबल, मग फँटम, हा क्रम मात्र सोडू नका.

आता लेव्हल. व्यावसायिक मिक्सरचा नेहमीचा आवाज +४ डीबीयू, म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. घरगुती यंत्रं बऱ्याचदा −१० डीबीव्हीची, म्हणजे ०.३१६ व्होल्टची अपेक्षा धरतात. दोघांत जवळजवळ १२ डीबीचं (डेसिबलचं) अंतर आहे. म्हणून रेकॉर्डरचा इनपुट गेन (आत येणारा आवाज वाढवणारा नॉब) पूर्ण खाली ठेवून सुरुवात करा. तरीही लाल दिवा लागला तर मिक्सरचा मेन मिक्सचा नॉब १०-१२ डीबी खाली आणा. चॅनलचे गेन त्यासाठी बिघडवू नका. भावाला गाण्यातला सगळ्यात जोरकस तुकडा वाजवायला सांगा आणि रेकॉर्डरच्या मीटरवर शिखरं −१२ ते −६ डीबीच्या दरम्यान राहतील असं बघा. वॉर्मअपला वाजवतो तेव्हाची लेव्हल पकडू नका. लाल बटण दाबलं की प्रत्येक ड्रमर जास्त जोरात वाजवतो.

रेकॉर्डर परत मिक्सरमध्ये आणायची गरज नाही. गाइड गिटार क्लिकसोबत (मेट्रोनोमच्या ठोक्यांवर) आधी एका ट्रॅकवर घ्या आणि भावाचा हेडफोन सरळ रेकॉर्डरला लावा. चालू इनपुट आणि आधीचे ट्रॅक दोन्ही त्यात ऐकू येतात. मिक्सरमधूनच ऐकायचं असेल तर रेकॉर्डरचा आरसीए आउट मिक्सरच्या टेप इनला द्या आणि तो फक्त हेडफोनकडे वळवा. टेपचा आवाज मेन मिक्समध्ये पाठवणारं बटण चुकूनही दाबू नका. दाबलं तर रेकॉर्डरचा आवाज मिक्सरमधून पुन्हा रेकॉर्डरमध्ये जाईल आणि शिट्टी सुरू होईल.

दोन्ही यंत्रांची वीज एकाच एक्स्टेंशन बोर्डवरून घ्या. गुणगुण आली म्हणून मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. पुष्कळ ठिकाणी हा उपाय सांगतात, तो जिवावर बेतू शकतो.

ठेका

मंद्र यांनी जोडणी सांगितली. मला त्याच्या पुढचं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं, सांगायचंय.

मिक्सरने तुमचे माइक वाढतात, ट्रॅक वाढत नाहीत. चार माइक दोन ट्रॅकमध्ये उतरले की किक किती आणि स्नेअर किती हा निर्णय कायमचा झाला. नंतर स्नेअर एकटा वर घेता येणार नाही. त्यामुळे मिक्सिंगचं सगळं काम रेकॉर्डिंगच्या आधी करावं लागतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

हे काम वाजत असताना हेडफोनवर करता येत नाही. त्याच खोलीत ड्रम वाजत असतात, हेडफोनच्या बाहेरूनही आवाज येतो आणि किकचा धक्का तर छातीतच बसतो. कानाला सगळं भरलेलं वाटतं. रेकॉर्डिंग ऐकलं की किक गायब आणि झांजाच झांजा. म्हणून मिनिटभर रेकॉर्ड करा, वाजवणं थांबवा, ऐका, एकच गोष्ट बदला, पुन्हा रेकॉर्ड करा. एका वेळी दोन गोष्टी बदललात तर फरक कशाने पडला ते कळत नाही. ऐकताना तुमचं एखादं गिटारचं रेकॉर्डिंग सोबत लावा. ड्रम एकटे छान वाटले तरी गाण्यात ते वेगळेच बसतात.

सुरुवात दोन ओव्हरहेडपासून, म्हणजे वर लावलेल्या कंडेन्सर माइकपासून करा. फक्त त्या दोघांत सेट पूर्ण वाटला पाहिजे. मग किक कमी पडेल तेवढीच घाला, शेवटी स्नेअर चिमूटभर. ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणं) जपून. यंत्रावर एकदा गेलेला चढ उतरवणं कठीण असतं. रिव्हर्ब (घुमारा) तर आत्ता नकोच, तो नंतर कधीही देता येतो.

पडघम

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका: किक एका ट्रॅकवर एकटी आणि बाकी सगळं दुसऱ्यावर, असं केलं तर? पॅन (आवाज डाव्या-उजव्या बाजूला नेणारा नॉब) पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून ते जमेल ना?

ठेका

जमेल. किक डावीकडे, बाकी तिघे उजवीकडे. पण मी करणार नाही. टॉम डावीकडून उजवीकडे फिरतात, हाय-हॅट एका अंगाला असतो, ही रुंदी गेली की घरच्या खोलीतला सेट फार लहान वाटतो.

तळघर

इथे मी ठेका यांच्याशी असहमत आहे. गाण्यात बास गिटार येणार असेल तर किक आणि बास यांचं नातं हेच गाण्याचा कणा असतं, आणि बास तर ड्रमच्या नंतर रेकॉर्ड होणार. त्या वेळी किक हाताशी मोकळी हवी. रुंदी गिटारचे दोन टेक दोन बाजूंना लावूनही मिळते. आमची बरीच गाणी मी अशीच केली आहेत, मोनो ड्रम आणि वेगळी किक. एकच ओव्हरहेड वापरलात तर फेजचे प्रश्नही (एकच आवाज दोन माइकना मागेपुढे पोचल्याने होणारे) कमी होतात.

हा मिक्सर हाताशी आहे म्हणून आणखी एक. १२०२ वर चॅनल म्यूट केला की तो आल्ट ३-४ या वेगळ्या आउटपुटवर जातो. शिवाय इन्सर्टच्या (चॅनलमध्ये मध्येच बाहेरचं यंत्र जोडायच्या) जॅकमध्ये मोनो प्लग पहिल्या 'टक्'पर्यंतच घातला तर त्या चॅनलचा आवाज प्रीअँपनंतर थेट बाहेर मिळतो आणि मिक्सरमधलाही चालू राहतो. म्हणजे पुढे जास्त इनपुटचा रेकॉर्डर आलाच, तर हाच मिक्सर चार स्वतंत्र ट्रॅक देईल.

मंद्र

तळघर यांच्या शेवटच्या मुद्द्याला +१. खरेदीचा विचार असेल तर जुना झूम आर१६ शोधा. एका वेळी ८ इनपुट घेतो. फँटम फक्त ५ आणि ६ वर आहे, पण तुमचे कंडेन्सरही दोनच आहेत. टॅस्कॅमचा डीपी-२४एसडीसुद्धा ८ घेतो. पण आत्ता लगेच घेऊ नका. आहे त्यावर दोन-तीन गाणी पूर्ण करा, मग काय कमी पडतंय ते नेमकं कळेल.

पडघम

जोडणी झाली, लेव्हल बसली, शिट्टी नाही, गुणगुण नाही. स्टिरिओ करून पाहतोय. एक अडचण: ओव्हरहेड एकटे ऐकले तर किक बरी वाटते, किकचा माइक वर घेतला की ती उलट पातळ होते. आणि खोलीचा स्लॅब कमी उंचीवर आहे, झांजा कर्कश येतात.

ठेका

पहिली गोष्ट फेजची आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद. किकचा आवाज आतल्या माइकला आधी आणि वरच्यांना काही मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि खालच्या सुरांत दोघं एकमेकांना खातात. आधी सुतळी घ्या. एक टोक स्नेअरच्या मधोमध धरा आणि दोन्ही ओव्हरहेड त्यापासून सारख्या अंतरावर आणा. जमलं तर किकच्या बीटरपासूनही (पेडलच्या ठोक्यापासूनही) दोघांचं अंतर सारखं करा. मग किकची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची + आणि − बाजू) उलटी करून बघा. १२०२ वर ते बटण नाही, म्हणून एका छोट्या एक्सएलआर केबलच्या एकाच टोकाला २ आणि ३ नंबरच्या पिनांच्या तारा अदलाबदल करून डाख द्या आणि तिला लाल टेप गुंडाळा, म्हणजे इतर केबलमध्ये मिसळणार नाही. ती लावून आणि न लावून, दोन्ही पॅन मध्यभागी आणून मोनोत ऐका. ज्यात खालचा आवाज भरतो ते ठेवा.

तळघर

स्लॅबचं मी सांगतो. माइक स्लॅबच्या जवळ गेले की झांजेचा सरळ आवाज आणि वरून परतलेला आवाज जवळजवळ एकदमच येतात, त्याने कर्कशपणा वाढतो. माइक खाली घ्या, झांजांच्या वर हातभर पुरे. वर स्लॅबला दोन जाड गोधड्या बांधा, मध्ये चार बोटं पोकळी राहू दे, सपाट चिकटवू नका. सेटखाली सतरंजी. आणि भावाला सांगा, झांज थोडी हलकी आणि स्नेअर थोडा जोरात. दोनच ट्रॅक असताना तोलाचं निम्मं काम त्याच्या हातात आहे.