केदार-बद्री यात्रा: दहा दिवसांचा प्लॅन आणि आपला प्लॅन

ए-३०२ काकू: मंडळी, टूरवाल्याचा दहा दिवसांचा प्लॅन वर टाकलाय. आपण सोलापूरहून अकरा जण, त्यात चौघं साठीच्या पुढचे. वाचून काय ते आजच सांगा, ॲडव्हान्स द्यायचा आहे.

सी-२०१ अण्णा: काकू, ॲडव्हान्स थांबवा. यात तिसऱ्या दिवशी हरिद्वारहून निघून रात्री सोनप्रयागजवळ मुक्काम आणि चौथ्या दिवशी थेट केदारनाथ आहे. हरिद्वार ३०० मीटरच्या आसपास, केदारनाथ ३,५८३ मीटर. म्हणजे दोन दिवसांत सव्वातीन हजार मीटर वर. पैसे वाचतील, पण त्रास होणार तो इथंच. शिवाय सुटा दिवस एकही नाही. रुद्रप्रयागच्या पुढं कुठं दरड आली आणि रस्ता सहा तास बंद राहिला, तर बद्रीनाथ तरी सुटतं नाहीतर परतीची गाडी तरी. मग ड्रायव्हर घाई करतो, आणि त्या रस्त्यावर घाई नकोच.

बी-१०४ डॉक्टर: अण्णांना पूर्ण अनुमोदन. केदारनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमी असतो, म्हणजे दर श्वासाला ऑक्सिजनही तेवढाच कमी मिळतो. शरीराला याची सवय व्हायला वेळच द्यावा लागतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती दिसली की आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी दम लागला, खोकला वाढला, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर रात्र असली तरी मदत मागून खाली आणायचं. छोट्या कॅनमधला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो, तो खाली उतरेपर्यंतचा आधार आहे. कापूर हुंगून तर ऑक्सिजन अजिबात वाढत नाही, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं इतकंच. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, सगळ्यांना चालत नाही, सल्फाची ॲलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. झोपेच्या गोळ्या वर घ्यायच्या नाहीत.

ए-३०२ काकू: मग दिवस वाढवायचे म्हणता. पण जायचं कधी? मे महिन्यात मुलांना सुट्टी असते.

सी-२०१ अण्णा: मे-जूनमध्ये गर्दी सगळ्यात जास्त, रांगच काही तासांची. जुलै-ऑगस्ट नकोच. २०१३ चा जूनमधला प्रलय सगळ्यांना आठवतो, पण ३१ जुलै २०२४ च्या पावसातही केदारची पायवाट बऱ्याच ठिकाणी वाहून गेली होती. माझं मत पितृपक्षाचं. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळं पितृपक्ष सप्टेंबरअखेर लागतोय, तोवर तिकडचा पाऊस ओसरत आलेला असतो. अनंत चतुर्दशी झाली की निघायचं आणि घटस्थापनेच्या आत घरी. तुळजापूरचं नवरात्र कुणाचंच चुकणार नाही.

डी-४०३ आजोबा: पितृपक्षात यात्रा करावी का, हा प्रश्न येणार म्हणून सांगतो. बद्रीनाथला मंदिराजवळच अलकनंदेच्या काठावर ब्रह्मकपाल आहे, तिथं पिंडदानच करतात. काळ अगदी योग्य आहे. फक्त घरच्या तिथीचं श्राद्ध आणि ब्रह्मकपालाचा विधी यांचा मेळ आपापल्या गुरुजींना विचारून बसवा. आई-वडील, आजा-पणजा यांची नावं आणि गोत्र कागदावर लिहून न्या. तिथं थंडीत आणि गर्दीत ऐनवेळी नाव आठवत नाही.

बी-१०४ डॉक्टर: माझी एक सूचना. आधी बद्रीनाथ केलं तर? तिथं गाडी दारापर्यंत जाते, उंचीही ३,१०० च्या आसपास. कुणाला त्रास झालाच तर गाडीत घालून खाली आणता येतं. केदारला तशी सोय नाही.

डी-४०३ आजोबा: डॉक्टर, तुमचं म्हणणं पटतंय, पण क्रम केदार मग बद्री असाच चालत आलाय. ज्येष्ठ मंडळींच्या मनाला ते लागेल.

सी-२०१ अण्णा: मग क्रम तोच ठेवू, मुक्काम बदलू. हरिद्वार सोडल्यावर पहिली रात्र गुप्तकाशी (१,३०० मीटर). दुसऱ्या दिवशी ऊखीमठचं ओंकारेश्वर मंदिर करून रात्री त्रियुगीनारायणला, ते दोन हजारांच्या आसपास आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे सोनप्रयाग, तिथून शटल जीपनं गौरीकुंड, मग १६ किलोमीटरची चढण. पायी जाणाऱ्यांनी एका दिवसात हट्ट न करता वाटेत लिंचोलीला रात्र काढावी. तो मुक्काम धरून तीन दिवस केदारला ठेवू.
ऊखीमठ टाळू नका. हिवाळ्यात केदारनाथांची पूजा तिथंच होते, आणि ते वीरशैवांच्या पंचपीठांपैकी एक पीठ. केदारचे रावल, म्हणजे मंदिराचे धर्मप्रमुख, वीरशैव परंपरेचे. सिद्धरामेश्वरांच्या गावच्या माणसांनी तिथं माथा टेकायलाच पाहिजे.

बी-१०४ डॉक्टर: उत्तम. हे चालेल.

ए-१०१ वहिनी: १६ किलोमीटर म्हणजे कोजागिरीला तुळजापूरला चालत जातो त्याच्या निम्म्याहून कमी. जमेल की.

सी-२०१ अण्णा: वहिनी, अंतरावर जाऊ नका. गौरीकुंड ते केदार उंचीत १,६०० मीटरचा फरक आहे. एक मजला तीन मीटर धरला तर पाचशेच्यावर मजले. आपली बिल्डिंग चार मजली, म्हणजे सव्वाशेहून जास्त वेळा वर. सराव जिन्यावरच करा: आजपासून रोज पाच फेऱ्या, दर आठवड्याला दोन वाढवायच्या, पाठीवर तीन किलोची सॅक. उतरतानाही लिफ्ट नको. गुडघे जातात ते उतरताना, काठी तेव्हाच लागते.
घोडा करणाऱ्यांनी सरकारी काउंटरची पावती घ्यावी. घोडा मंदिरापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा चालावाच लागतो. हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलीयात्रा साइटवर. फोनवर कुणी ‘कन्फर्म सीट’ म्हणून पैसे मागितले तर ती फसवणूक समजा. आणि ढग आले की उड्डाण रद्द होतं, त्यामुळं पूर्ण भरवसा त्यावर नको.

ए-१०१ वहिनी: सामानात काय? थंडीला आपली चादर आहेच.

सी-२०१ अण्णा: सोलापुरी चादर घरीच राहू द्या. सुती असल्यानं भिजली की वजन दुप्पट आणि दोन दिवस वाळत नाही. आत थर्मल, वर फ्लीस, त्यावर वाऱ्या-पावसाचं जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स नको, घाम आत राहून हुडहुडी भरते. रेनकोट पँटसकट घ्या, पोंचो वाऱ्यात उडतो. बूट आधी महिनाभर वापरून पायाला सवयीचे करून घ्या.
खायला मात्र आपलंच न्या: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी पूर्ण कडक झाल्याशिवाय पॅक करू नका, ओल राहिली तर बुरशी येते. वर गरम डाळीत चुरली की जेवण झालं. रोख पैसे सुट्या नोटांत, वर नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही.

बी-१०४ डॉक्टर: इन्सुलिनवाल्यांनी लक्ष द्या. ते गोठलं की निकामी होतं, वितळवूनही वापरायचं नाही. दिवसा अंगालगत आतल्या खिशात, रात्री पांघरुणात. ग्लुकोमीटरही थंडीत एरर दाखवतो, तो आधी हातात गरम करा. बीपीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. बद्रीनाथच्या तप्तकुंडाचं पाणी कढत असतं. बीपीवाल्यांनी आत बसून राहू नये, तांब्यानं अंगावर घ्यावं.

ए-३०२ काकू: ठरलं. टूरवाल्याला नाही कळवते. कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून हरिद्वार. गाडी हरिद्वारचीच करू, ग्रीन कार्ड (चारधाम रस्त्यासाठी गाडीचा तपासणी दाखला) असलेली. जाऊन-येऊन चौदा दिवस, त्यात रस्त्यासाठी एक दिवस सुटा. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून सहा मी काढते, पाच वहिनींनी काढावीत. दोघींनी एकाच वेळी बसायचं.

सी-२०१ अण्णा: आणि चारधाम नोंदणी उत्तराखंड सरकारच्या साइटवर, फुकट आहे. केदार आणि बद्रीच्या तारखा वेगवेगळ्या पडतात, प्लॅनशी जुळवूनच टाका. क्यूआर कोडची प्रिंट प्रत्येकाच्या खिशात हवी, सोनप्रयागला तपासल्याशिवाय सोडत नाहीत.

ए-३०२ काकू: आधारवर आहे तसंच नाव, वय आणि चालू असलेल्या गोळ्या रविवारपर्यंत मला पर्सनलवर पाठवा. ग्रुपवर आधारचे फोटो टाकू नका.