केमो बाहेर फेकणारा पंपच बंद केला तर?

वरती एकांनी विचारलंय की सुरुवातीला लागू पडलेली केमो नंतर का चालेनाशी होते. माझ्या मावशीचं अगदी हेच झालं, ते लालभडक डॉक्सोरुबिसिन नळीतून थेंब थेंब जाताना मी शेजारी बसून बघितलंय, आधी गाठ लहान झाली आणि मग ढिम्म हलेना, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक मोठं कारण म्हणजे कॅन्सरच्या पेशीच्या आवरणातले पंप, पी-ग्लायकोप्रोटीन वगैरे. औषध आत शिरलं की हे उपसून बाहेर टाकतात, होडीतलं पाणी उपसावं तसं. एसआयआरएनए, म्हणजे आरएनएचा एक छोटासा तुकडा, काय करतं, तर पंप बनवायचा जो निरोप जीनकडून निघतो, म्हणजे एमआरएनए, तोच तोडतं, पंप बनतच नाही. पण नुसतं टोचलं तर रक्तातले एन्झाइम त्याचे लगेच तुकडे करतात, म्हणून नॅनोकणाचं वेष्टण लागतं.

एमआयटीच्या पॉला हॅमंड यांच्या ग्रुपचं २०१३ चं काम मला फार आवडतं. कणाच्या पोटात डॉक्सोरुबिसिन, बाहेरच्या थरात एमआरपी१ या पंपाविरुद्धचं एसआयआरएनए, म्हणजे आधी पंप गप्प आणि मग औषध! ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठी आक्रसल्या, पण उंदरांमध्ये.

माणसांत २०१८ ला मंजूर झालेलं पॅटिसिरान हे नॅनोकणात भरलेलं एसआयआरएनएचं औषध कॅन्सरचं नाहीये, आणि ते चालतं कारण असे कण आपसूक लिव्हरमध्ये जातात, आणि त्याचं काम तिथेच असतं. इतर ठिकाणच्या गाठीत पुरेसं पोचवणं हेच अजून अवघड आहे. त्यामुळे असलं इंजेक्शन आत्ताच मिळेल म्हणून कुणी पैसे मागितले तर कृपा करून आधी आपल्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा.