देवेगौडांवर झालेली टीका न्याय्य होती का?

शिवारकर

परवा घरी बोलता बोलता माजी पंतप्रधान देवेगौडांचं नाव निघालं. पुतण्या पंचविशीतला. म्हणाला, "बैठकीत झोपायचे तेच ना?" आणखी काय माहीत आहे विचारलं, तर काहीच नाही. त्यांचं सरकार होतं तेव्हा हा जन्मलाही नव्हता. म्हणजे ही ओळख त्याला आमच्या पिढीनं दिली आणि आम्हाला वर्तमानपत्रांनी. तेव्हापासून मन लागत नाही, म्हणून इथे लिहितोय.

१९९६ चा मे आठवा. लोकसभा त्रिशंकू, भाजप १६१, काँग्रेस १४०. वाजपेयींचं सरकार १३ दिवसांत गेलं. विश्वनाथ प्रताप सिंगांनी नकार दिला, ज्योती बसूंना त्यांच्याच पक्षानं अडवलं, आणि १ जूनला कर्नाटकचे मुख्यमंत्री पंतप्रधान झाले. १३ पक्षांची मोट, काँग्रेसचा बाहेरून टेकू, स्वतः संसदेत नाहीत. राज्यसभेवर गेले ते सप्टेंबरात. अशा सरकारवर पत्रकारांनी डोळ्यात तेल घालून नजर ठेवायलाच हवी होती. पण नजर कशावर ठेवली? डोळे मिटलेल्या फोटोवर, हिंदी येत नाही यावर, 'मी शेतकऱ्याचा मुलगा' या वाक्याच्या टिंगलीवर.

हा माणूस १९६२ पासून विधानसभेत होता. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतलेली, राज्याचं पाटबंधारे खातं सांभाळलेलं. पंतप्रधान असताना १२ डिसेंबर १९९६ ला त्यांनी आणि बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीनांनी गंगेच्या पाण्याचा ३० वर्षांचा करार केला. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यावरून किती वर्षं वाद चालला होता! महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा लोकसभेत मांडलं गेलं ते याच सरकारच्या काळात. ब्रह्मपुत्रेवरच्या बोगीबील पुलाची कोनशिला त्यांनी जानेवारी १९९७ मध्ये बसवली. पूल पुरा झाला २०१८ च्या डिसेंबरात. उद्घाटनाचं आपल्याला बोलावणं नव्हतं, असं ते तेव्हा म्हणाले होते. वाचून मला वाईट वाटलं होतं.

माझं म्हणणं एवढंच, की ही टीका राजकारणाची नव्हतीच. दिल्लीच्या दिवाणखान्यात न शोभणाऱ्या माणसाबद्दलची ती नापसंती होती. सरकार लटपटत असताना अशी नापसंती रोज छापली, की ते पाडणाऱ्याचं काम सोपं होतं.

पान_एक

शिवारकर, मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, रात्रपाळीला. तुमचा राग समजतो, पण शेवटचं वाक्य मान्य नाही. सरकार पाडलं काँग्रेसचे अध्यक्ष सीताराम केसरींनी. ३० मार्च १९९७ ला पाठिंबा काढला, ११ एप्रिलला विश्वासदर्शक ठराव पडला, बाजूनं १५८ आणि विरोधात २९२. त्या २९२ जणांपैकी कुणी वर्तमानपत्रातला फोटो बघून मत दिलं नाही.

पुढचंही बघा. पंतप्रधानपदी गुजराल आले. हिंदी, उर्दू, इंग्रजी तिन्ही अस्खलित, संपादकांच्या घरी ऊठबस, पत्रकारांचे आवडते. त्यांचं काय झालं? आठवडे मोजा, नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांचाही पाठिंबा गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. पत्रकारांच्या प्रेमानं सरकार तरलं नाही, मग नापसंतीनं बुडालं कसं म्हणायचं?

आणि भाषेचं. वाजपेयींचं मे महिन्यातलं भाषण दूरदर्शननं थेट दाखवलं, देशभर लोक संचासमोर बसले होते. चारच दिवसांनी त्यांच्या जागी जो येतो, त्याला देशाशी बोलता येतं की नाही हा प्रश्न बातमीदारानं विचारू नये? तो नेत्याच्या कामाचाच भाग आहे.

कृष्णाकाठची

देशाशी बोलणं म्हणजे हिंदीत बोलणं, हे कुणी ठरवलं? १५ ऑगस्टला त्यांनी लाल किल्ल्यावरून हिंदीत भाषण वाचलं, कन्नड लिपीत लिहून घेऊन. साठी ओलांडलेला माणूस न येणारी भाषा स्वतःच्या अक्षरांत उतरवून लाखो लोकांसमोर उभा राहतो. मला त्यात कष्ट दिसतात, हसण्यासारखं काही दिसत नाही. उद्या सांगली-कोल्हापूरचा कुणी तिथे गेला आणि त्याचे उच्चार मराठी वळणाचे निघाले तर आपण काय म्हणू?

मी देवेगौडांची चाहती नाही, हे आधीच सांगते. कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाच्या उंचीवरून तेव्हा आंध्र आणि कर्नाटक भांडत होते, आणि नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या आम्हाला त्या भिंतीची धास्ती आहेच. पंतप्रधान स्वतः कर्नाटकचे, तेव्हा ते या वादात कुणाची बाजू घेतील, हा विचारण्याजोगा प्रश्न होता. तो इकडे किती जणांनी लावून धरला? आमच्या घरी दोन पेपर यायचे. झोपेची व्यंगचित्रं मला आजही आठवतात, आलमट्टीवरचा एक लेख आठवत नाही.

बडोदेकर

दोन्ही बाजू वाचल्या. तुम्ही सगळे या माणसाला फार सोडून देताय.

मी बडोद्याचा. सप्टेंबर १९९६ आम्ही पाहिलाय. शंकरसिंह वाघेलांनी भाजप फोडला, सभागृहात गदारोळ झाला, राज्यपालांचा अहवाल गेला आणि केंद्रानं सुरेश मेहतांचं भाजप सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट आणली. महिनाभरात वाघेला काँग्रेसच्या पाठिंब्यानं मुख्यमंत्री. ज्या काँग्रेसच्या टेकूवर देवेगौडा दिल्लीत बसले होते, तिचीच इथे सोय झाली. आमच्या घरात तेव्हा भाजपला कुणी मत देत नव्हतं, तरी वडील रात्री जेवले नाहीत. म्हणाले, आपण मत दिलं ते कशाला?

उत्तर प्रदेशातही तेच. ऑक्टोबरात निवडणूक झाली, बहुमत कुणालाच नाही, आणि राष्ट्रपती राजवट पुन्हा लावली. अलाहाबाद उच्च न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली, सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. आणि मंत्रिमंडळात कोण होतं? एस. आर. बोम्मई! १९८९ मध्ये त्यांचं स्वतःचं कर्नाटकातलं सरकार असंच बरखास्त झालं होतं. राष्ट्रपती राजवटीच्या ३५६ व्या कलमाला लगाम घालणारा १९९४ चा निकाल त्यांच्याच नावानं ओळखला जातो. कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री, त्यांच्याच पक्षातले रामकृष्ण हेगडे, त्यांना तर देवेगौडा पंतप्रधान झाल्या झाल्या जून महिन्यातच पक्षातून काढलं. हा भोळा शेतकरी नव्हता, मुरलेला राजकारणी होता. शिवारकर, तुम्ही त्यांना बिचारं करताय, आणि हे बिचारेपणही त्या झोपेच्या फोटोनंच त्यांना दिलंय.

शिवारकर

बडोदेकर, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. खरं आहे. हेगडेंचं मला माहीत होतं आणि मी मूळ लेखात ते टाळलं. ती माझी चूक. त्यांची बाजू घ्यायच्या भरात मी कामांची यादी दिली आणि हे झाकलं.

पण यानं माझा मुद्दा सुटत नाही, उलट घट्ट होतो. निवडून आलेलं सरकार बरखास्त होतं आणि पंचविशीतल्या मुलापर्यंत पोचते ती झोप. मग टीका कुणाच्या उपयोगाची झाली? पान_एक, तुम्हीच सांगा, गुजरातची बातमी तुमच्याकडे कुठे लागली होती?

पान_एक

पहिल्या पानावर, मुख्य बातमी. अग्रलेखही कडक होता. आम्ही लिहिलं नाही असं म्हणू नका, तो आरोप मी घेणार नाही. दिल्लीहून येणारी प्रत्येक तार आम्ही वाचत होतो.

फोटोबद्दल मात्र कबूल करतो. वृत्तसंस्थेकडून एका दिवसात त्यांचे पाच-सहा फोटो यायचे. बहुतेकांत ते जागेच असायचे, फायली बघताना, कुणाशी बोलताना. पान लावताना हात जायचा तो डोळे मिटलेल्यावर. वरून कुणी सांगत नव्हतं. मीच लावलेत ते, तीन-चार वेळा तरी. अग्रलेखाची रद्दी झाली आणि फोटो लोकांच्या मनात राहिला, याला मी पत्रकारितेचा गुन्हा म्हणणार नाही. पण कृष्णाकाठच्या ताईंनी आलमट्टीचं लिहिलंय त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो विषय आम्ही जिल्हा आवृत्तीवर सोडला होता.

कृष्णाकाठची

जिल्हा आवृत्तीच यायची आमच्याकडे. त्यातही नव्हता.

बडोदेकर

सप्टेंबर-ऑक्टोबर ९६ ची गुजराती आणि मराठी कात्रणं वडिलांनी फाईलला लावून ठेवली होती. फाईल आईच्या ट्रंकेत आहे. दिवाळीला घरी गेलो की काढतो आणि पहिल्या पानावर काय होतं ते तारखेनुसार इथेच टाकतो. शिवारकर, पुतण्याला दाखवा.