आई फोटोत येतच नाही. तुमच्याकडे कसं जमलं?

जुळेसोलापूर
काल पुतणीच्या लग्नाचा अल्बम आला. तीनशेच्या वर फोटो आहेत. त्यात आई चौदा फोटोंत आहे, मी मोजले. दोन ठिकाणी पाठमोरी, एकात मांडवाच्या खांबाआड, बाकी सगळीकडे तोंडावर पदर नाहीतर पुढे केलेला हात. एका फोटोत नुसता तिचा हात आलाय, अक्षता टाकताना. मनगटावरच्या गोंदणामुळे ओळखला.

अल्बम मिटला आणि बाबांचं आठवलं. २०११ च्या मे महिन्यात गेले. दहाव्याला मांडायला फोटो शोधला तर घरात एकही धड नाही. शेवटी मतदान कार्डावरचा नेऊन दिला. दुकानदाराने तो मोठा केला, वरून कोट आणि टाय चढवला. बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता. चादर कारखान्यात बनियनवर उभे असायचे, खांद्यावर टॉवेल. तो कोटातला माणूस पंधरा वर्षं आमच्या भिंतीवर आहे आणि नातवंडांना आजोबा असेच वाटतात.

आई आता ७३ ची आहे. दिवाळीला सगळे जमणार आहेत. तिचं मन न दुखवता तिला फोटोत कसं आणायचं? तुमच्या घरी काय केलंत ते लिहा.

सातरस्ता
चोरून काढा. भाकरी थापताना. माझ्या आईचे सगळे चांगले फोटो चुलीपाशीच आहेत.

होटगीरोड
चोरून नको हो. मी तेच केलं आणि सहा महिने महागात पडलं. आई अंगणात शेंगा फोडत होती, गाऊनवर, केस मोकळे. फोटो इतका सुंदर आला की मी स्टेटसला ठेवला. संध्याकाळी मावशीचा फोन, मग मामीचा. आई रडली. "मला विचारलंस का?" एवढंच म्हणाली. त्यानंतर माझ्या हातात फोन दिसला की उठून आत जायची.

पुढे तिच्याजवळ बसून नीट बोलले तेव्हा कळलं, तिला कॅमेऱ्याची भीतीच नव्हती, भीती स्टेटसची होती. आता ठरलंय. काढलेला फोटो आधी तिला दाखवायचा, ती "पूस" म्हणाली की तिच्यासमोर पुसायचा. पहिल्या दिवशी तिने अकरा पुसायला लावले, मी अकरा पुसले. बारावा तिने स्वतः मागून घेतला.

सातरस्ता
हे पटलं ताई. मी आईला कधी विचारलंच नाही. आज विचारते.

शेंगाचटणी
जुळेसोलापूर, कोटाचं वाचून गलबलून आलं. आमच्या आजोबांनाही असाच कोट चढवलाय, निळा.

विडीघरकुल
आमची मातृभाषा तेलुगू, काही चुकलं तर सांभाळून घ्या. अम्माने चाळीस वर्षं विड्या वळल्या. तिचा फोटो फक्त कामाला लागला, कार्डासाठी. प्रत्येक वेळी रांग, मग स्टूल, मग समोरचा माणूस ओरडणार, हलू नका, पदर खाली घ्या, वर बघा. एकदा तिला तीन वेळा परत पाठवलं होतं, कारण डोळे मिटले जात होते. मी तेव्हा लहान, तिचं बोट धरून उभी. त्यामुळे घरात कोणी फोन वर धरला की अम्मा तशीच ताठ होते, स्टुलावर बसल्यासारखी. ओठ घट्ट, हात मांडीवर. आम्हाला वाटायचं तिला आवडत नाही. तिला तर फोटो म्हणजे हेच माहीत होतं.

मागच्या उन्हाळ्यात मावशी आली होती. दोघी दारातल्या उजेडाला बसल्या, मांडीवर सूप, पान कापत. मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून व्हिडिओ लावला, दोघींना सांगून. म्हटलं, तुमच्या लग्नाच्या वेळचं सांगा, मला ऐकायचंय. पहिली पाच मिनिटं अम्मा फोनकडेच बघत होती. मग मावशी काहीतरी चुकीचं बोलली आणि अम्मा तिला दुरुस्त करायला लागली, आणि फोन विसरली. वीस मिनिटांचा व्हिडिओ. त्यातलं एक दृश्य थांबवून फोटो काढला. कात्री हातात, मान मागे टाकलेली, हसताना दात दिसतायत. पुढचा एक नाही.

छापून आणला आणि आधी एकटीला दाखवला. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "इदि नेनेना?" म्हणजे, ही मीच का. आता तो देव्हाऱ्याशेजारी आहे, तिनेच लावला.

सातरस्ता
🙏🙏

जुळेसोलापूर
विडीघरकुल, हे तीनदा वाचलं. आईचंही असंच असेल का, असा विचार मी कधी केला नव्हता. व्हिडिओतून काढलेला फोटो छापल्यावर फाटत नाही का?

फोटोवाला_अशोकचौक
मी सांगतो, सतरा वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. साध्या फुल एचडी व्हिडिओतलं एक दृश्य ४ बाय ६ इंचाला व्यवस्थित छापून येतं. मोठं करायचं असेल तर रेकॉर्ड करण्याआधी सेटिंगमध्ये ४के करा. उजेड मात्र हवा, कमी उजेडात हात हलले की पुसट येतं.

आता आईवडिलांचं. माणूस आयुष्यभर स्वतःला आरशात बघतो, आणि आरशात डावं-उजवं उलटं असतं. फोटोत ते सुलट येतं, म्हणून भांग, तीळ, नाक सगळं वेगळंच वाटतं आणि ते म्हणतात मी वाईट दिसतो. त्यात आपण फोन तोंडाजवळ नेतो. जवळून नाक मोठं दिसणारच. चार-पाच पावलं मागे जा आणि तिथून झूम करा.

"हसा" म्हणू नका. हसा म्हटलं की चेहरा आखडतो. हातात काहीतरी द्या, नातू, सुपारीचा अडकित्ता, चहाचा कप. गटाचा फोटो असेल तर सगळे उभे राहिल्यावर आईला हाक मारू नका. आधी आईला खुर्चीत आरामात बसू द्या, चहा पिऊ द्या, मग बाकीच्यांनी तिच्याभोवती यायचं. बोलावलं की माणूस नको म्हणतो, आपण त्याच्यापाशी गेलो की नाही म्हणत नाही. आपल्याकडे भर दुपारी गच्चीवर फोटो काढतात, सगळ्यांचे डोळे बारीक. दाराच्या आत दोन हात, तोंड उजेडाकडे, बास. चष्मा चमकत असेल तर हनुवटी जरा खाली घ्यायला सांगा.

शेंगाचटणी
दादा, जुन्या निगेटिव्ह आहेत माझ्याकडे, ३६ च्या रोलच्या. करून देता का?

फोटोवाला_अशोकचौक
देतो. बुरशी लागली असेल तर पुसू नका, तशाच आणा.

होममैदान
आमच्या वडिलांचा हसरा फोटो एकच, गड्ड्यातला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला. रंगवलेला पडदा, पुढे पुठ्ठ्याची मोटारसायकल. अंगावर पांढरी बाराबंदी, कारण अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, उरकून तसेच यात्रेत आले होते. गिरणीतून घरी आले की भिंतीकडे तोंड करून झोपणारा माणूस त्या पुठ्ठ्यावर असा बसलाय जणू आत्ता विजापूरला निघालाय. मी बाजूला उभा, सात वर्षांचा, मला म्हणाले, "काय करलालास बे, बस की मागं." फोटो बघितला की ते वाक्य ऐकू येतं.

पुण्याची_सून
गड्डा कधी असतो? यंदा मुलांना दाखवायचाय.

होममैदान
संक्रांतीला. अक्षता सोहळा बहुतेक वर्षी १३ जानेवारीला, संमती कट्ट्यावर. सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, बघायचे तर मिरवणुकीच्या वाटेवर सकाळपासून उभं राहा. गाडी आणू नका.

पुण्याची_सून
थँक्यू. आणि कडक भाकरी किती दिवस टिकते? इकडे आणायची आहे.

सातरस्ता
महिना कुठे गेला नाही. डब्यात ठेवा, ओलं लागू देऊ नका.

बाळीवेस
जुळेसोलापूर, तुम्ही लिहिलं नाहीत पण मला वाटतं म्हणून लिहिते, राग मानू नका. माझे वडील गेल्यावर आई फोटोतून निघून गेली. आधी यायची की. हळदीला, ओटीला, वधूवरांच्या फोटोला, कोणी काही बोलायच्या आतच ती बाजूला सरकायची, "सवाष्णींना उभं करा" म्हणायची. आम्ही म्हणायचो आईला फोटो आवडत नाही. वीस वर्षं हेच म्हणत राहिलो. २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आई हातातलं निवडणं थांबवून बघत बसली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

माझ्या मुलीच्या लग्नात मुलीनेच सांगून ठेवलं होतं, पहिला फोटो आजीबरोबर, मगच बाकीचे. आई नाही नाही म्हणत होती. मुलगी स्टेजवरून उतरून खाली आली, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली, शालूसकट. फोटोग्राफर खाली आला. तो फोटो स्टेजवरचा नाही, मागे जेवणाच्या पंगती दिसतात. आमच्या दिवाणखान्यात तोच आहे.

होटगीरोड
बाळीवेस ताई, काय बोलू. मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

पेन्शनर_६८
माझंच सांगतो. मी पोरांना कधी फोटो काढू दिला नाही, दात गेलेत. पण दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून काढावा लागतो. नातू समोर बसून "आजोबा, डोळे मिचकवा" म्हणतो. तीन वर्षं त्याच्याकडे बघून डोळे मिचकावतोय. आता तो कधीही फोन धरतो आणि मला काही वाटत नाही. त्याच्याकडे बघायचं, फोनकडे नाही.

जुनाविडीकामगार
आमच्या वडिलांनी शेवटपर्यंत नाहीच काढू दिला. आम्ही जबरदस्ती केली नाही. हातांचे मात्र काढू दिले, मागावर तुटलेला धागा जोडताना. तेवढे आहेत. बोटं बघितली की चेहरा आठवतो.

जुळेसोलापूर
सगळ्यांचे आभार. बाळीवेस ताई, राग कसला. काल रात्री आईला विचारलं, बाबा गेल्यापासून तू बाजूला उभी राहतेस का. ती काही बोलली नाही, भांडी विसळत राहिली. मग म्हणाली, "त्यांच्याशेजारचा माझा एकपण फोटो नाही गं." लग्नाचासुद्धा नाही, तेव्हा परवडलं नव्हतं.

आज सकाळी चहा दारात घेतला, फोटोवाले दादा म्हणाले तसं. तिच्याभोवती आम्ही दोघी बहिणी आणि तिच्या मांडीवर भिंतीवरचा तो कोटातला फोटो, तिनेच उतरवून आणला. काच पुसता पुसता म्हणाली, कोट काही शोभत नाही ह्यांना. तेव्हाच बहिणीने बटण दाबलं. दाखवला. पूस म्हणाली नाही.

शेंगाचटणी
ताई, छापून घ्या आजच. फोनमध्ये ठेवू नका.