होलोग्रामनं कर्जाची बोलणी: सीमाभागातल्या शाखांत चालेल काय?

टिळकवाडीकर
लांबच्या ग्राहकाशी होलोग्रामनं बोलायची भाषा बँका करू लागल्यात. जेपी मॉर्गननं फेब्रुवारी २०२२ मध्ये डिसेंट्रालँड या संगणकावरच्या आभासी जगात लाउंज थाटलं, जुलैत युनियन बँकेनं ‘युनि-व्हर्स’ हे तसलंच आभासी दालन काढलं. ती बघायची दालनं, ते सोडा. आपल्याकडं मुद्दा भाषेचा आहे. शाखेतले छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी, कन्नडमध्ये. फ्लोटिंग म्हणजे बदलतं व्याज, जामीनदाराची जबाबदारी हे मराठी माणसाला तोंडीच समजून घ्यावं लागतं, आणि ते त्या घडीला काउंटरवर कोण बसलंय यावर. बेळगावात बसलेला एक मराठी कर्ज-अधिकारी खानापूर, निपाणीच्या शाखांत माणसाएवढा दिसला, तर काय बिघडलं?

उद्यमबागकर
होलोग्राम बघायचा चष्मा कोण घालणार ते आधी सांगा. ग्राहकानं हेडसेट चढवला की डोळे झाकले, आणि व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून ओळख पटवणं, तिथंच अडकलं. रिझर्व्ह बँकेनं ही सोय २०२० मध्ये दिली, २०२१ मध्ये नियम आवळले: समोर बँकेचाच अधिकारी, थेट चित्रण, माणूस जिवंत असल्याची खात्री, प्रश्नांचा क्रम बदलता, जीपीएसचे आकडे, तारीख-वेळेची नोंद. आधारवरचा फोटो अर्ध्या चेहऱ्याशी जुळवणार कसा? सेन्सरवरून बनवलेला अवतार दाखवला, तर तो आणि डीपफेक यांत तपासणाऱ्यानं फरक कशावरून करायचा?

त्यात मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या चष्म्याचं वजन ५६६ ग्रॅम, बॅटरी दोन-तीन तास, उत्पादन २०२४ मध्येच बंद.

कागदाचं तर बघूच नका. होलोलेन्सची स्पष्टता नजरेच्या एका अंशाला सुमारे ४७ पिक्सेल. दोन मिलिमीटरचं अक्षर ६० सेंटिमीटरवरून ०.१९ अंश भरतं, म्हणजे जेमतेम ९ पिक्सेल. आरटीसी, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावरचं कन्नड अक्षर त्यात बसवा: खालचा ओत्तु, म्हणजे अक्षराखाली जोडलेलं व्यंजन, गेलंच, आणि नावातलं जोडाक्षर गेलं की माणूसच बदलला. मोठं करून दाखवा म्हणाल, तर ते साध्या टीव्हीवरही होतं की.

निपाणीकर
उद्यमबागकर, तुम्ही जुन्याच यंत्राला झोडपताय. गूगल बीमला, म्हणजे २०२१ च्या स्टारलाइनला, चष्मा लागत नाही. समोरचा माणूस उठावात दाखवणारा ६५ इंची पडदा, सहा कॅमेरे. चेहरा उघडा राहतो, नजरेला नजर भिडते. जामिनकीची अट ऐकताना माणूस मान डोलवतोय पण त्याला कळलेलं नाही, हे मोबाईलच्या चौकोनात दिसत नाही. ग्राहक शाखेतच बसणार, म्हणजे ओळख पटवायला तिथला कर्मचारी आहेच.

जांबोटी रोड
एचपीचं ते बीमचं यंत्र २४,९९९ डॉलर, लायसन्स वेगळं. रुपयात २० लाखांच्या वर, तेही एका टोकाला. पण पैशापेक्षा खुर्चीचा घोळ मोठा. तो पडदा समोर बसलेल्या एकाच माणसाच्या डोळ्यांचा माग ठेवून चित्राचा उठाव दाखवतो. कर्जाला येतात नवरा, बायको आणि जामीनदार. बाकीच्या दोघांनी काय बघायचं?

डेप्थ कॅमेरे, म्हणजे अंतर मोजणारे कॅमेरे लावून जुगाड करू म्हणाल, तर माणसाच्या आकृतीचे १० लाख बिंदू, प्रत्येकी १५ बाइट, सेकंदाला ३० वेळा: सेकंदाला ३.६ गिगाबिट. शंभरपट दाबलं तरी ३६ मेगाबिट, तेही अपलोडला. साध्या व्हिडिओ कॉलला दोन-तीन पुरतात. खानापूरच्या पश्चिमेला आषाढात लाइट आणि लाइन दोन्हींची परीक्षा असते. केवायसीचा कॉल तुटला की नव्यानं सुरू करायचा, नियमच तसा. शिवाय हे कॅमेरे इन्फ्रारेडवर चालतात: खिडकीतून ऊन आलं की आंधळे, काळ्याभोर केसांत भोकं, आणि गळ्यातलं सोनं चमकलं की मानच गायब.

शहापूर पेठ
सोनं काढलंत म्हणून बोलतो. सोनेतारणात दागिना कसोटीवर घासायचा, तोलायचा, खड्यांचं वजन वजा करायचं. होलोग्राम तिथं उभा राहून काय करणार? घरकर्जातही मूळ खरेदीखत हातोहात जमा करावं लागतं, त्याशिवाय खत ठेवून केलेलं गहाण होतच नाही. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ संकेतस्थळावरून काढलेली ईसी, म्हणजे मालमत्तेवरच्या बोज्याचा दाखला, पीडीएफनं पाठवता येते, तेवढी सोय खरी.

टिळकवाडीकर
खत जमा करायला एकदा यायचंच, मान्य. पण त्याआधीच्या तीन-चार खेपा निव्वळ बोलण्यासाठी असतात. त्या मराठीतून, आपल्या गावच्या शाखेत झाल्या तर? तुमच्या हिशेबात ही गोष्ट कुठंच धरलेली नाही.

उद्यमबागकर
धरतो की. ५५ इंची साधा टीव्ही उभा लावा, कॅमेरा पडद्यातल्या माणसाच्या डोळ्यांच्या अगदी वर. तो टीव्हीच्या माथ्यावर ठेवला की साहेबाला ग्राहक पायाकडं बघतोय असं वाटतं. खिडकी ग्राहकाच्या पाठीमागं नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. टेबलावर कागद दाखवायचा कॅमेरा, उजेड तिरका. लॅमिनेशनवर सरळ उजेड पडला की अक्षरं पांढरी होतात. राउटरसकट सगळं यूपीएसवर. तिघं शेजारी बसतील, मराठी साहेब तिघांनाही दिसेल.

निपाणीकर
आणि नजर? ती अजून चार बोटं खालीच राहणार.

उद्यमबागकर
राहू दे. जामीनदाराला खुर्ची तर मिळाली.