विषय: आपली शाळा बंद होणार? गुरुवारच्या स्कूल बोर्ड मीटिंगला कोण कोण येतंय?

नमस्कार मंडळी,

गुरुवारच्या अजेंड्यात आपल्या भागातली प्राथमिक शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करायचा प्रस्ताव आहे. धाकटी यंदाच पहिलीत गेली, आता कुठे रुळतेय. मला एकच कळत नाही. घर घेतल्यापासून आपण एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, वर शाळांच्या बॉंडला, म्हणजे कर्ज काढायलाही, मतदारांची मंजुरी मिळाली. त्यातून नवी जिम उभी राहिली. मग शिक्षकांच्या पगारालाच पैसे कसे नाहीत? कुणाला माहिती असेल तर कृपया लिहा.

– वै., कॅलिफोर्निया

———

वै.,

मी सहा वर्षं पालकांच्या बजेट समितीत बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॉंडचा पैसा बांधकामाचा. 2000 सालच्या प्रॉप 39 (मतदारांनी थेट मंजूर केलेला कायदा) मुळे तो 55% मतांनी मंजूर होतो, पण त्यातला एक डॉलरही पगाराला वापरता येत नाही. पगारासाठी पार्सल टॅक्स (प्रत्येक जागेमागे जादा कर) लावायचा तर सहसा दोन-तृतीयांश मतं लागतात. जिम बांधली म्हणून शिक्षक गेले, असं झालेलं नाही.

आता प्रॉपर्टी टॅक्स. 1978 च्या प्रॉप 13 प्रमाणे मूळ कर खरेदीच्या किमतीवर 1%, आणि घर विकेपर्यंत ती किंमत वर्षाला फार तर 2% वाढते. म्हणून तू भरतेस त्याच्या पाव कर तुझा जुना शेजारी भरत असेल. पण खरी मेख पुढे आहे. 2013 पासून एलसीएफएफ या सूत्राने प्रत्येक मुलामागे किती पैसे हे राज्य ठरवतं. त्यात स्थानिक कर आधी मोजतात आणि उरलेलं राज्य भरतं. कर वाढला की राज्याचा वाटा तेवढा कमी होतो. पालो आल्टोसारख्या 'बेसिक एड' स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये स्थानिक करच त्या आकड्याच्या वर जातो, म्हणून त्यांना तो ठेवता येतो. आपलं तसं नाही.

आणि पैसे पटावर मिळत नाहीत, हजेरीवर मिळतात. पटावर 500 आणि रोज सरासरी 470 हजर, तर पैसे 470 चे. मूल तापाने फणफणून घरी राहिलं तरी तो दिवस गेला. इथल्या किमतींत तरुण कुटुंबांना घर परवडत नाही, मुलं कमी होतात, पण अर्ध्या रिकाम्या शाळेलाही मुख्याध्यापक, ऑफिस, सफाई सगळं पूर्ण लागतं. शाळा बंद करायचा विषय तिथून निघतो.

इथे आपल्यालाही थोडं बोलून घ्यायला हवं. डिसेंबरात तीन-तीन आठवडे आपण पुण्या-मुंबईला जातो. आजी-आजोबांना भेटायलाच हवं, त्यात चूक काही नाही. पण निघण्याआधी ऑफिसात जाऊन 'इंडिपेंडंट स्टडी'चा करार करा. मुलाने दिलेला अभ्यास पूर्ण केला की ते दिवस हजेरीत धरता येतात. गेल्या वर्षी ऑफिसातल्या बाईंनी मला कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा दाखवला होता. न्यायला कुणी आलंच नव्हतं.

– काका

———

काका, एक विचारायचं होतं. प्रवेशाच्या वेळी 'घरची भाषा' विचारतात तिथे आम्ही इंग्लिश लिहिलं. मराठी लिहिलं तर मुलाला वेगळ्या वर्गात बसवतात असं ऐकलं होतं.

– शि., फ्रीमॉंट

———

शि.,

हे मी फार घरांत ऐकलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. त्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो, मूल बोलायला लागलं तेव्हा कोणती भाषा शिकलं. आपली मुलं 'आई' म्हणाली ती मराठीत. तसं लिहिलं की 'एल्पॅक' ही इंग्रजीची चाचणी होते. इंग्रजी पक्कं असेल तर विषय तिथेच संपतो, नसेल तर मदत मिळते, आणि बहुतेक वेळ मूल नेहमीच्याच वर्गात असतं. इंग्रजी शिकणाऱ्या मुलामागे राज्य मूळ रकमेच्या 20% जास्त देतं, ते ही मदत देण्यासाठीच. पैशासाठी खोटं लिहू नये, तसं भीतीपोटीही लिहू नये.

– काका

———

मंडळी,

काल मीटिंगला गेले. आपले सातजण होते. ग्रीन कार्डवाल्यांना मत नाही, पण बोलायला कुणीही अडवत नाही, ही मंडळीही उठून बोलली. मला दोन मिनिटं मिळाली. रडू येत होतं, पण काकांनी सांगितलं होतं तसं फक्त विचारलं: विलीनीकरणातून वर्षाला नक्की किती वाचतील, आणि त्यातून बसचा आणि जास्तीच्या वर्गांचा खर्च वजा केलाय का? उत्तर कुणाकडेच तयार नव्हतं. पुढच्या मीटिंगला लेखी देऊ म्हणाले.

बोर्डाला बजेटचा 'फर्स्ट इंटरिम' रिपोर्ट 15 डिसेंबरच्या आत मंजूर करावा लागतो. चालू आणि पुढची दोन वर्षं पैसे पुरतील का, ते त्यात दिसतं. शिक्षकांना कपातीच्या प्राथमिक नोटिसा 15 मार्चपर्यंत द्याव्या लागतात, म्हणून मार्चपर्यंत थांबून उपयोग नाही. अजेंडा मीटिंगच्या 72 तास आधी लागतो, लागला की इथे टाकते. माझ्या गाडीत चार जागा आहेत. लहान मुलं सांभाळायला त्या संध्याकाळी कुणी घर उघडं ठेवेल का?

– वै.